चर्चा: जर्मनीत घरच्या कॉम्बीला ऑल-सीझन टायर पुरतात का?

माईनकाठ
ऑक्टोबर तोंडावर आला की हा विषय निघतोच. उदाहरणाला स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी (लांब डिकीची गाडी) धरू, टायरचं माप २०५/५५ आर १६. माझं स्पष्ट मत: फ्रँकफुर्ट, मानहाइम, ड्युसेलडॉर्फसारख्या सखल भागात राहून वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्या कुटुंबाने उन्हाळी आणि हिवाळी असे दोन संच बाळगू नयेत, बारमाही म्हणजे ऑल-सीझनचा एकच ठेवावा. इथे हिवाळाभर गाठ पडते ती बर्फाशी नाही, चार-पाच अंशांवरच्या ओल्या डांबराशी.

कायदाही आड येत नाही. रस्ता घसरडा असेल तेव्हा टायरवर तीन शिखरं आणि आत हिमकण असं चिन्ह हवं, आणि चांगल्या ऑल-सीझनवर ते असतंच. १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) हे जुनं चिन्ह चालत नाही, त्यामुळे तसला जुना माल कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. सापडलात तर ६० युरो दंड आणि परवान्याच्या नोंदीत एक दंडगुण (पॉइंट).

वर्षातून दोनदा चाकं बदलणं आणि दुसरा संच ठेवण्याचं भाडं, यात दीडशे युरो सहज जातात.

आल्गॉयकर
असहमत. या हिशेबात रबर धरलेलंच नाही. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. कायदा १.६ पर्यंत चालवू देतो, पण चारच्या खाली गेलं की बर्फातली पकड झपाट्याने जाते. ऑस्ट्रियात तर चारच्या खालचा टायर हिवाळी म्हणून धरतच नाहीत. म्हणजे ऑल-सीझनचं वापरता येण्याजोगं एक तृतीयांशाहून जास्त रबर वाया.

दुसरं, कुटुंबाची गाडी सगळ्यात जड केव्हा असते? जुलैच्या सुट्टीत. चार माणसं, भरलेली डिकी, टपावर पेटी, बाहेर ३५ अंश, ऑटोबानवर १३०. अशा वेळी मऊ रबराचे, बारीक चिरा असलेले ठोकळे ब्रेक दाबताच वाकतात आणि गाडी उन्हाळी टायरपेक्षा उशिरा थांबते.

भाड्याचं म्हणाल, तर दुसरा संच वेगळ्या रिमवर चढवून तळघरात ठेवा. जॅक, १७ चा सॉकेट आणि टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) एवढ्यावर काम होतं. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, १२० न्यूटन-मीटरवर आवळा, आणि ५० किलोमीटरनंतर परत तपासा.

माईनकाठ
तळघर सगळ्यांना नसतं. आणि रबर वाया जाऊ द्यायचं नसेल तर खरेदीची वेळ साधा. नवे टायर शरद ऋतूतच घ्या. शेवटच्या हिवाळ्यानंतर नक्षी चारवर आली तरी पुढचा उन्हाळा त्याच टायरवर काढता येतो, फक्त तीनच्या खाली जाऊ देऊ नका. मोजायला दोन युरोचं नाणं खाचेत उभं धरा: रुपेरी कडा बुडाली तर चार मिलिमीटर शिल्लक आहेत. उन्हाळ्यातल्या ब्रेकचा मुद्दा मात्र मान्य. भरलेल्या गाडीने तेवढं अंतर जास्त ठेवावंच लागतं.

पाना-पक्कड
दोघांचं भांडण संचावर चाललंय, पण पैसे बुडतात ते चुकीचा स्वस्त टायर घेण्यात. नाव न ऐकलेल्या ब्रँडपेक्षा मोठ्या कंपनीची दुसरी फळी घ्या: मिशेलिनच्या घरातला क्लेबर, काँटिनेंटलच्या घरातला युनिरॉयल. फ्रेडेस्टाइनही बघा, २००९ पासून ती आपल्या अपोलो टायर्सकडे आहे. टायरच्या युरोपीय लेबलवर ओल्या रस्त्याची पकड ‘बी’च्या खाली नको. इंधन-बचतीच्या ‘ए’साठी तिथे तडजोड करू नका.

कॉम्बीला भारांक ९१ ऐवजी ९४ एक्सएल (जास्त भार पेलणारा) घ्या. ९१ म्हणजे चाकामागे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. मागच्या आसावर किती वजन चालतं ते गाडीच्या कागदावर ८.२ या रकान्यात सापडेल. टायरच्या बाजूवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, ती बनवल्याची तारीख: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा.

आता ऑल-सीझनचं खरं दुखणं, जे दोघांनीही काढलं नाही: आरीसारखी झीज. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मागची नुसती घरंगळतात, आणि उंच मऊ ठोकळ्यांची एकच कड घासत जाते. मागून घूं-घूं सुरू होते आणि लोक बेअरिंग बदलून बसतात. आधी टायरवरून तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने बोटांना कडा लागल्या तर दोष टायरचा आहे. उपाय: दर आठ हजार किलोमीटरला पुढची-मागची अदलाबदल. इंग्रजी व्हीसारखी नक्षी असेल तर अदलाबदल त्याच बाजूला करा, बाण पुढे फिरण्याच्या दिशेलाच हवा. दोन जोड्यांच्या नक्षीत मोठा फरक पडला असेल तर मात्र जास्त नक्षी उरलेली जोडी मागेच ठेवा, नाहीतर ओल्या वळणावर आधी मागचा भाग सुटतो.

आल्गॉयकर
झिजेबद्दल +१. पण फेब्रुवारीत टिरोलला (ऑस्ट्रियाच्या आल्प्समध्ये) जाणाऱ्यांनी ऑल-सीझनवर भिस्त ठेवू नये, हे माझं म्हणणं कायम. जायचंच असेल तर बर्फात चाकांवर चढवायच्या साखळ्या बरोबर घ्या, आणि त्याआधी गाडीच्या पुस्तिकेत कुठल्या मापाच्या टायरवर साखळी चालते ते बघा. साखळ्या पुढच्या चाकांना लागतात. घरासमोर कोरड्यात एकदा चढवून पाहा.

पाना-पक्कड
निघण्याआधी हवाही बघा, टायर थंड असताना. तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण ०.१ बार कमी होते. पूर्ण भाराचा आकडा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर वेगळा दिलेला असतो, तोच भरा. मग टायर-प्रेशरची नोंद गाडीच्या पडद्यावरच्या मेन्यूतून नव्याने साठवा. चाकात सेन्सर नसलेली यंत्रणा जुन्या नोंदीशीच तुलना करत राहते.