अनुभव धागा : थंडी, सुट्टी आणि ओव्हनमधून येणारा उशिराचा नाश्ता

गुळपापडी (न्यू जर्सी)

मंडळी, पाककृतींचे धागे ढिगाने झाले, मला इथे पाककृती नकोत (दिल्यात तर सोडणार नाही). मला हवेत किस्से. थंडीचे दिवस, सुट्टी, घरातले सगळे उशिरा उठलेत आणि अकराच्या सुमारास काहीतरी गोड भाजून टेबलावर येतंय, किंवा यायचं होतं पण आलंच नाही, असं तुमच्याकडे काय काय घडलंय ते लिहा. ब्रंच म्हणा नाहीतर उशिराचा नाश्ता म्हणा, केक, रोल, नानकटाई सगळं चालेल.

माझ्यापासून सुरू करते. इथे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका अमेरिकन बाईंनी ख्रिसमसच्या सकाळी दहाला घरी बोलावलं. आम्ही आपले घरून पोहे हाणून गेलो, म्हटलं दहा वाजता काय, चहा-बिस्किटं देतील. तर तिथे टेबल गच्च भरलेलं आणि मधोमध हा एवढा ट्रे, दालचिनीचे रोल, वरून आयसिंग ओघळतंय, घरभर वास. पोटात पोहे आणि समोर हे! मी दोन खाल्ले, नवऱ्याने तीन, आणि परत येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

पुढच्या वर्षी हे आपण करायचंच असं ठरवलं. आता आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय कोण वापरतं, मी छान उकळी आणली आणि वाफाळतं दूध तसंच यीस्टवर ओतलं. यीस्ट जागच्या जागी खलास. बोट बुडवून आरामात धरता येईल इतकंच कोमट हवं, चाळीस डिग्रीच्या आतबाहेर, हे सात ग्रॅमची पुडी वाया घालवल्यावर कळलं. दुसरी पुडी फोडली तर २४ डिसेंबरची रात्र, किचनमध्ये १७ डिग्री, पीठ ढिम्म हलेना. साडेअकराला मी त्या भांड्याशी बोलत होते अक्षरशः. मग डोक्यात उजेड पडला की अगं, आपण इडलीचं पीठ ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवतो की! ठेवलं, तासाभराने बघते तर दुप्पट.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय. रात्री पीठ फुगवायचं, लाटून बटर, ब्राउन शुगर, दालचिनी लावायची, अळूवडीचा करतो तसा उंडा गुंडाळायचा आणि सुरीने नाही तर दोऱ्याने कापायचा. दोरा खालून घालायचा, वर फुली मारून ओढायचा. सुरीने दाबलं की वेटोळं चपटं होतं. मग ट्रेमध्ये लावून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी बाहेर काढून तासभर ठेवायचं आणि ३५० फॅरनहाइटला २५ मिनिटं.

पण तिसऱ्या वर्षी काय झालं, आदल्या रात्री इडलीचं पीठही भिजवलेलं, ते ओव्हनमध्येच ठेवलेलं. सकाळी अर्धवट झोपेत मी रोलसाठी ओव्हन तापायला लावला आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर घरभर प्लॅस्टिक जळल्याचा वास. डब्याचं झाकण वाकून खाली लोंबत होतं आणि कडेच्या पिठाची एक मोठी इडली झालेली. तुमचं सांगा आता.

जुनाखलबत्ता (सातारा)

ब्रंच वगैरे शब्द आम्हाला माहीत नव्हते, आमच्याकडे दिवाळीची पहिली आंघोळ झाली की फराळ, आणि त्यात माझ्या आवडीची म्हणजे नानकटाई. घरी ओव्हन कोणाकडे असायचा १९८० च्या सुमारास? पीठ घरी करायचं आणि डबा घेऊन बेकरीत जायचं. आई तूप आणि पिठीसाखर परातीत हाताने फेसायची, किती फेसायची विचारू नका, पांढरं शुभ्र होऊन पाण्यात टाकलेला थेंब तरंगला पाहिजे. मग मैदा, थोडं बेसन, थोडा रवा, वेलची. डबा माझ्या सायकलच्या कॅरिअरला.

बेकरीत ही रांग. रात्री पावाचं काम आटपलं की आमची भट्टी लागायची. आपले आपण गोळे वळायचे, पत्र्यावर मांडायचे, नावाची चिठ्ठी लावायची. भट्टीवाले चाचा लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने तो पत्रा आत सरकवायचे. बाहेर ऑक्टोबर-नोव्हेंबरची थंडी आणि भट्टीच्या तोंडाशी ऊब, तिथून हलावंसंच वाटायचं नाही, आणि दर पत्र्यागणिक वेगळा वास.

एका वर्षी चिठ्ठी जळाली की पडली देव जाणे, मी भलत्याच कोणाची तरी नानकटाई घेऊन घरी. आईने एक तुकडा तोंडात टाकला, म्हणाली, "यात जायफळ आहे. आपली नाही ही." पुन्हा सायकल मारत गेलो तर तिथे एक काका आमचा डबा हातात धरून उभेच, ते पण परत आलेले, म्हणाले "आमच्यात वेलची घालत नाहीत रे." अदलाबदल केली. मी वाटेत त्यांची चार खाल्ली होती हे काही बोललो नाही. खरं सांगायचं तर जायफळाची जास्त चांगली होती.

खारीबटर (ठाणे)

जुनाखलबत्ता, वाह!! आमच्याकडेही तेच, फक्त आमच्या वेळी बेकरीवाले स्वतःच सामान मोजून घ्यायचे आणि बिस्किटं करून द्यायचे, डबा भरून. दिवाळी संपली तरी चहाबरोबर तीच, शेवटी तळाला नुसता भुगा, तो चमच्याने.

केशरकाडी (स्टॉकहोम)

गुळपापडी, यीस्टवरून आठवलं.

इथे १३ डिसेंबरला लुसिया असते. पांढरे झगे, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी, पोरांची गाणी. दुपारी तीनच्या आधी सूर्य मावळतो डिसेंबरात, त्यामुळे त्या उजेडाचं अप्रूप काय ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. आणि त्या दिवशी खायचे ते लुसेकात्तेर, केशराचे पिवळेजर्द बन, इंग्रजी एस सारखे वळलेले, दोन्ही वेटोळ्यांत एकेक मनुका.

पहिल्या वर्षी मी केले ते आपल्या हिशोबाने. म्हणजे श्रीखंडाला घालतो तशा सात-आठ काड्या, कोमट दुधात भिजवून. बन झाले पांढरेफटक, रुग्णालयात देतात तसे. शेजारच्या आजी आल्या, एक उचलला, उलटा करून बघितला आणि विचारलं की केशर कुठाय. मी म्हटलं आहे की आत. त्यांनी घरातून अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमच्या दोन पुड्या आणून दाखवल्या, दोन्ही एका घाण्याला. एक ग्रॅम! मी पुण्याला आईला फोन केला तर ती पलीकडून किंचाळली, "एक ग्रॅम?? वेडी आहेस का, माझं वर्ष जातं तेवढ्यात!"

पण घातलं बाई. अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅमची ओल्या यीस्टची वडी, पावणेदोनशे ग्रॅम बटर आणि ते एक ग्रॅम केशर थोड्या साखरेबरोबर खलात घोटून. रंग असा आला की काय सांगू. दुसरी भानगड म्हणजे हे बन दुसऱ्या दिवशी दगड होतात. त्यावर आजींचा उपाय, पिठात थोडं क्वार्ग घालायचं. डबा उघडून चाखलं तर हा तर आपला चक्का! म्हणजे केशर, चक्का, साखर. श्रीखंडाचं सगळं सामान पुढ्यात आणि मी त्याचा पाव करतेय, हे आईला सांगितलं तेव्हा ती जरा निवली.

भाजताना मात्र हलायचं नाही. २२५ डिग्रीला पाच ते आठ मिनिटं, बस. मी एकदा दारावरचं पार्सल घ्यायला गेले आणि चोवीस बन करपवले. एक ग्रॅम केशर. आईला ते अजून सांगितलेलं नाही.

संत्राबर्फी (नागपूर)

तुम्ही सगळे ओव्हनवाले हो. आमच्या घरी कुकर होता, त्याची शिट्टी काढायची, रबर काढायचं, तळाला मीठ पसरायचं, त्यावर जाळी, त्यावर डबा. आई करायची डिसेंबरात संत्र्याचा रवा केक, तेव्हा संत्री दारोदार स्वस्त येतात. शाळेला नाताळची सुट्टी, सकाळी रजईतून बाहेर निघायचं नाही, नाकाला वास आला की मगच उठायचं.

मी पहिल्यांदा केला तेव्हा दोन घोटाळे केले. एक म्हणजे साल किसताना आतला पांढरा भागही किसून टाकला, केक असा कडू जहर की बाबा म्हणे "हे काहून कडुनिंबाचा केला व?" दुसरं, रबर काढायला विसरले, ते वितळून चिकटून राहिलं झाकणाला. झाकण उघडायला शेजारचे काका पान्हा घेऊन आले, तेव्हा उघडलं. तो केक त्यांनाच दिला, कडू असला तरी ते खाऊन राहिले होते बिचारे. आता फक्त वरचं केशरी तेवढंच किसते, साखरेत चोळून ठेवते, रस रव्यात घालून अर्धा तास मुरू देते. रवा रस पितो मग फुलतो, घाई केली की कचकच लागते.

समुद्रकाठ (मडगाव)

रव्यावरून आलो. आमची शेजारीण आंटी नाताळला बाथ करते, रवा आणि ओल्या खोबऱ्याचा केक. ती म्हणते पीठ रात्रभर ठेवल्याशिवाय भट्टी लावायचीच नाही, रव्याला दम हवा. सकाळी ओव्हनमध्ये आणि चर्चमधल्या मासवरून (प्रार्थनेवरून) घरी आले की कापायचा. वर पिठाच्याच पट्ट्यांची जाळी काढलेली असते, त्यावरून ओळखायचा.

पण खरी मजा ताटाची. २५ तारखेला ताट येतं आमच्याकडे, विणलेल्या रुमालाने झाकलेलं. दोदोल, बोलिन्या, नेवऱ्या, बाथ आणि एखादा बेबिंकाचा तुकडा, पातळ, कारण तो करायला पूर्ण दिवस जातो. एक थर ओतायचा, वरून निखारे, तो भाजला की तूप लावून दुसरा, असे सात तरी. घाई केली तर थर सुटत नाहीत, आणि निखारे जास्त झाले तर वरचा थर कोळसा. आंटी आता ओव्हनमध्ये वरची कॉइल लावून करते पण स्वतःच म्हणते की तो वास नाही येत.

ताट रिकामं परत द्यायचं नसतं. चवथीला आमच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जातात, नाताळला त्यांच्या नेवऱ्या आमच्याकडे. लहानपणी मला वाटायचं त्याच परत येतात!! एकदा मी आईला विचारलं पण, इतके दिवस कशा टिकल्या म्हणून. सगळ्या हसल्या, आंटी अजून सांगते ते.

पाचहजारदोनशे (डेन्व्हर)

छोटासा अनुभव. डेन्व्हर ५२८० फुटांवर आहे, पाणी ९५ डिग्रीलाच उकळतं. मुंबईची आईची हातखंडा केळ्याच्या केकची रेसिपी, गेल्या थंडीत चार वेळा केली, चारही वेळा ओव्हनमध्ये टम्म फुगली आणि बाहेर काढेपर्यंत मध्ये हा खड्डा. हवेचा दाब कमी, त्यामुळे गॅस भसकन फुगतो आणि आतलं पीठ धरायच्या आधीच खाली बसतो. बेकिंग पावडर आणि साखर कमी केली, दूध दोन चमचे जास्त, ओव्हन वीसेक फॅरनहाइटने वाढवला, मग जमलं. तोपर्यंतच्या चार खड्ड्यांत बायकोने क्रीम आणि स्ट्रॉबेरी भरून पाहुण्यांना दिलं. त्यातले एक अजून तीच "खड्डेवाली रेसिपी" मागतात.

खारीबटर (ठाणे)

आता माझा किस्सा. २०२४ ला नाताळ बुधवारी आला आणि दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. मुलांना सुट्टी, त्यांना प्लम केक हवा. आमच्या सासूबाई मार्गशीर्षभर अंडं फ्रिजमध्येही ठेवू देत नाहीत, घट मांडतात ना. म्हटलं ठीक आहे, दही आणि सोड्याचा करू. तासगावचे बेदाणे संत्र्याच्या रसात दोन दिवस भिजवले (रमचा विषय मी काढलाच नाही), टुटीफ्रुटी, काजू, सगळी जय्यत तयारी. दह्यात सोडा घातला, मस्त फसफसलं, मैद्यात कालवलं आणि फोन वाजला. नणंदेचा. वीस मिनिटं! दही-सोड्याचं पीठ थांबत नाही हो, लगेच ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. सगळी हवा गेली. केक झाला जाडसर भाकरीएवढा, वर बेदाणे डोळे वटारून बघतायत.

मी रडकुंडीला. सासूबाईंनी त्याच्या शंकरपाळ्यासारख्या चौकोनी वड्या पाडल्या, तव्यावर थोडं तूप सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस केल्या, आणि पोरांनी अकरा वाजता दुधाबरोबर फस्त केल्या. यंदा मुलगा म्हणतो फुगलेला नको, तव्यावरचाच कर. आता मुद्दाम चपटा कसा करायचा, कोणी सांगाल का? (सासूबाई म्हणतात नणंदेला फोन कर.)

गुळपापडी (न्यू जर्सी)

खारीबटर, हसून हसून पुरेवाट!! केशरकाडी, मी यंदा केशराचे करणार, पण अर्ध्याच ग्रॅमचे, मला पण आई आहे.

जुनाखलबत्ता, जायफळाच्या नानकटाईचं प्रमाण त्या काकांकडून मिळालं होतं का नंतर?

जुनाखलबत्ता (सातारा)

नाही हो, मागायचं तर आधी चार खाल्ल्याचं कबूल करावं लागलं असतं. पण आईने पुढच्या वर्षी गुपचूप जायफळ किसून घातलं. गुळपापडी, त्या वाकड्या झाकणाचं काय केलंत?

गुळपापडी (न्यू जर्सी)

अजून वापरते. एका बाजूने उघडं राहतं, पीठ तिकडूनच उतू जातं. आत्ता रोल फ्रिजमध्ये लावून आले, आणि ओव्हनच्या दारावर चिठ्ठी चिकटवलीय : आत इडली आहे, आधी बघ.