चर्चा: स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच घालायचं, कॅनडातल्या क्युबेक प्रांताचं बरोबरच आहे!

भटक्या: कॅनडा म्हणजे 'या, आपापलं जपा' असा आपला समज. १९७१ मध्ये पंतप्रधान पिअर त्रुदोंनी बहुसांस्कृतिक धोरण आणलं, १९९० मध्ये तिथल्या केंद्रीय पोलिसांत पगडीला परवानगी मिळाली, सगळं खरं. पण फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेकची तऱ्हा न्यारी. १९६९ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लिओनारमध्ये इटालियन स्थलांतरितांच्या मुलांनी इंग्रजीतून शिकावं की फ्रेंचमधून, यावरून रस्त्यात हाणामारी झाली होती. शेवटी १९७७ च्या १०१ क्रमांकाच्या कायद्याने सांगितलं, स्थायिक झालात तर सरकारी शाळा फ्रेंचच. म्हणून तर आज तिथे पोरं मैदानावर भांडतातसुद्धा फ्रेंचमध्ये. याहून वेगळं मिसळणं काय असतं?

उंटावरचा_शहाणा: लहान पोरांचं ठीक हो. माझा भाचा तेरा वर्षांचा असताना क्युबेकला राहायला गेला. गणितात पहिला येणारा मुलगा, शाब्दिक उदाहरण वाचताच येईना म्हणून वर्गात गप्प बसायचा. रुळला पुढे, पण ती दोन वर्षं त्याची त्यालाच माहीत.

कोकणकन्या: आणि रुळून तरी काय मिळतं? बालवाडीपासून फ्रेंचमध्ये शिकलेली मुलगी हिजाब घालत असेल, तर २०१९ च्या २१ क्रमांकाच्या कायद्यामुळे तिला सरकारी शाळेत शिक्षिकेची नवी नोकरी मिळत नाही. भाषा शिका म्हणालात, शिकली. आता डोकंही उघडं ठेवा!

भटक्या: २१ चं समर्थन मी कुठे केलंय? भाषा नि पोशाख एका पोत्यात घालू नका.

कोकणकन्या: पोत्यात मी नाही, क्युबेक सरकारने घातलंय. दोन्हीकडे एकच पालुपद: आमची ओळख वाचवायचीय.

मुंबईचा_पाव्हणा: मग आपणही मराठी माध्यम सक्तीचं करावं की!

उंटावरचा_शहाणा: आलात वळणावर. मुंबईत येणारा बिहारी याच देशाचा नागरिक आहे, त्याला व्हिसा लागत नाही. शिवाय आपल्या २०२० च्या कायद्यात मराठी विषय सक्तीचा आहे, माध्यम नव्हे. इथे तो धागा नको.

जर्मनीकर: सक्तीला माझी ना नाही, पण शिकवायला वेळ द्या. इथे जर्मनीत २००५ पासून स्थलांतरितांसाठी एकात्मता वर्ग आहेत, साधारण ६०० तास भाषा, खर्चाचा मोठा वाटा सरकारचा. आधी तुर्की कामगारांना 'पाहुणे' म्हणत दशकं काढली, भाषा शिकवायचं कोणाच्या मनातच आलं नाही.

भटक्या: क्युबेकही प्रौढांना फ्रेंच फुकट शिकवतं.

जर्मनीकर: शिकवतं, आणि २०२२ च्या कायद्याने, काही अपवाद सोडले तर, येऊन सहा महिने झाले की स्थलांतरितांशी सरकारी पत्रव्यवहार फक्त फ्रेंचमध्ये. दिवसा गोदामात राबणाऱ्याने सहा महिन्यांत करखात्याची नोटीस वाचून दाखवावी. तुम्ही वाचाल?