अनुभव धागा: ब्रिटनमधला स्पीडवे – तुम्ही पाहिलेला, तुमच्या गावातून गेलेला

धागाकर्ती (मँचेस्टर)

२०२३ च्या एकाच मोसमात स्पीडवेची, म्हणजे मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींची, पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन ही दोन जुनी मैदाने गेली. त्याआधी स्विंडन, कॉव्हेंट्री, राय हाउस, ईस्टबोर्न. १९६५ साली ब्रिटिश लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात १८ संघ होते. २०२५ मध्ये वरच्या स्तरावर सात उरले. लंडनमध्ये एकेकाळी वेम्बली, वेस्ट हॅम, हॅरिंगे, न्यू क्रॉस, विम्बल्डन असे संघ होते. आज त्या शहरात एकही नाही.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या, सगळी वळणे डावीकडे. ५०० सीसीचे एक-सिलिंडर इंजिन, इंधन मेथनॉल, गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवायचे आणि पोलादी तळवा बांधलेला डावा पाय जमिनीला टेकवत गाडी आडवी काढायची. एक हीट, म्हणजे एक शर्यत, जेमतेम मिनिटभराची. गुण ३, २, १, ०. अशा १५ हीट झाल्या की सामना संपला.

इथल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांनी हा खेळ कुठे ना कुठे पाहिला आहे हे अलीकडेच कळले, म्हणून हा धागा. 'आमच्या वेळी' चालेल, पण मैदानाचे नाव टाका. आणि हा खेळ टिकेल का, कशाने टिकेल, यावर भांडायला हरकत नाही.

इप्सविचकर (निवृत्त डॉक्टर)

मिरजेत शिकून सत्तरच्या दशकात इथे आलो. इप्सविचमध्ये गुरुवारची संध्याकाळ म्हणजे फॉक्सहॉल स्टेडियम. वॉर्डातल्या सिस्टर, पोर्टर, सगळे तिकडे जात, म्हणून मीही गेलो. १९७५ आणि १९७६, लागोपाठ दोन वर्षे आमच्या विचेसनी, म्हणजे इप्सविचच्या संघाने, लीग जिंकली. जॉन लुईस हा आमचा हिरो. पुढे त्याचा मुलगा क्रिस तिथेच धावला आणि नंतर क्लबही चालवू लागला. असे घराण्यात चालत आलेले क्लब या खेळात बरेच. मला ते गोडही वाटते आणि धोक्याचेही, कारण घर थकले की क्लब थकतो.

नंतर काही वर्षे मी ट्रॅक-डॉक्टर म्हणून उभा राहायचो. डॉक्टर आणि अँब्युलन्स हजर नसेल तर पहिली हीट सुटतच नाही, हे फार लोकांना ठाऊक नसते. जखमी स्वाराला घेऊन अँब्युलन्स गेली की दुसरी येईपर्यंत सगळा खेळ थांबतो. तेवढ्यात प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरचे लोक चिप्सच्या रांगेत. हासळीचे हाड हा तर आमचा रोजचा रुग्ण. मनगटाची छोटी हाडेही तशीच. पूर्वी ट्रॅकभोवती फळ्यांचे किंवा जाळीचे कुंपण असायचे, आता वळणांवर हवा भरलेले असते. त्याने किती माना वाचल्या असतील! पण ते बसवायला, फाटले की शिवायला पैसे लागतात, आणि ते तिकिटातूनच यायचे.

तपासताना मला सगळ्यात अवघड जायचे ते स्वाराचे तोंड पाहणे. तो पगारदार नसतो. गाडी त्याची, व्हॅन त्याची, मेकॅनिक त्याचा, आणि मोबदला मिळवलेल्या गुणांवर. 'तू आज धावू नकोस' असे मी म्हणालो की त्याचा आठवड्याचा हिशेब कोसळायचा. त्यामुळे दुखत नाही असे सगळेच सांगत.

१९८१ ची जागतिक फायनल पाहायला आम्ही बस करून वेम्बलीला गेलो होतो. नव्वद हजारांवर लोक. ब्रूस पेनहॉल जिंकला. वेम्बलीत झालेली ती शेवटची फायनल. त्या दिवशी 'हा खेळ आटेल' असे कोणी म्हणाले असते तर बसमधून उतरवले असते.

मग आटला कसा? मी डॉक्टरच्या भाषेत सांगतो: प्रेक्षकांचे वय. तेव्हा माझ्या डाव्या-उजव्या बाजूला जे उभे असत, तेच आजही असतात. फक्त आता घडीची खुर्ची घेऊन येतात.

लालबाग ते कॉव्हेंट्री

डॉक्टरसाहेब, वयाचा मुद्दा मान्य, पण आमच्याकडे प्रेक्षक असतानाच मैदान बंद झाले. कॉव्हेंट्री बीज कुठल्या मोडकळीला आलेल्या संघाचे नाव नव्हते. २००५, २००७, २०१० अशा तीन अजिंक्यपदांनंतर सहाच वर्षांत, म्हणजे २०१६ नंतर, ब्रँडनच्या स्टेडियमच्या दरवाजाला कुलूप लागले.

मी गाड्यांच्या कंपनीत कामाला, सहकारी मला पहिल्यांदा घेऊन गेले. ब्रँडन गावाबाहेरचे ते मोठे स्टेडियम, तिथे स्टॉक कारही धावत. बंद झाल्यावर आत आगी लागल्या, तोडफोड झाली. जमीनमालकांनी तिथे घरे बांधायचा आराखडा दिला. चाहत्यांनी समिती काढली, कागद जमवले, सुनावण्यांना बसले. रग्बी कौन्सिलने २०२२ मध्ये आराखडा नाकारला आणि अपिलातही नकारच आला. आम्ही जिंकलो! आणि तरीही ब्रँडनला गाडी धावत नाही. कारण घरे बांधू न देणे कौन्सिलच्या हातात आहे, पण मालकाला शर्यती भरवायला लावणे कोणाच्याच हातात नाही.

माझे वडील गिरणीत होते. संपानंतर लालबाग-परळमध्ये जे झाले ते मी लहानपणी पाहिले: गिरणी चालवण्यापेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली, की गिरणी 'आजारी' पडते. ब्रँडनच्या फाटकाशी मला वेगळे काही दिसले नाही. माझे एकच म्हणणे आहे. 'खेळ मेला, लोक येईनात' असे कोणी म्हणाले की आधी विचारा, सातबारा कोणाच्या नावावर आहे?

वुल्व्हरहॅम्प्टन, मोनमोरजवळ

वरच्या प्रतिसादाला +१. आमच्या मोनमोर ग्रीनवर १९२८ पासून स्पीडवे. ओले ओल्सन, सॅम एर्मोलेन्को, टाय वॉफिंडन, सगळे विश्वविजेते इथे धावलेले.

स्टेडियम मुळात ग्रेहाउंडवाल्यांचे. कुत्र्यांच्या शर्यती दिवसाउजेडी रिकाम्या स्टँडसमोर होतात, कारण त्यांचे थेट चित्र सट्ट्याच्या दुकानांत जाते आणि पैसा तिथे फिरतो. स्टेडियममध्ये माणूस आला काय, न आला काय. स्पीडवेला मात्र माणूसच लागतो, तोही दारात पैसे देणारा. मालकाने दोन भाडेकरूंत निवड करायची ठरवली तर कोण जाणार हे उघड होते.

डिचोलीचा, सध्या स्विंडन

स्विंडनमध्ये आम्हा गोंयकारांची वस्ती केवढी मोठी ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्यातले बहुतेक फुटबॉलवाले. पण वेअरहाउसच्या शिफ्टमधले इंग्लिश म्हातारे रॉबिन्सचे, म्हणजे स्विंडनच्या संघाचे, कट्टर, त्यांनी ब्लन्सडन स्टेडियमची गोडी लावली. १९४९ पासूनचा संघ. २०१९ मध्ये संघात जेसन डॉइल होता, आणि आम्ही लीग जिंकली. ढोल-ताशे नव्हते, पण भोंगे असे वाजले की फेस्ताची आठवण झाली.

तो ब्लन्सडनवरचा शेवटचा मोसम ठरला. स्टेडियम नवे होणार, म्हणून आजूबाजूच्या जमिनीवर घरांना परवानगी, असे वर्षानुवर्षे ऐकत होतो. घरे आधी उभी राहिली. मग कोविड आला. २०२२ मध्ये सांगून टाकले की इथे स्पीडवे परत येणार नाही. अजिंक्य संघ, आणि घर नाही. म्हातारे मग ऑक्सफर्डला जाऊ लागले. तिथला स्पीडवे २००७ मध्ये बंद पडला होता आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला, म्हणजे मेलेले परत येऊ शकते, हेही लिहून ठेवतो.

पीटरबरोचा आयटीवाला

थोडा विरोधी सूर लावतो. जमीन, जमीन सगळे म्हणताहेत, आणि ईस्ट ऑफ इंग्लंड शोग्राउंड या आमच्या मैदानाचे दुःखही तेच आहे. पण खेळाने स्वतःचेही नुकसान करून घेतले.

एक, गुणमर्यादा. प्रत्येक स्वाराची सरासरी काढतात आणि संघाच्या बेरजेवर मर्यादा असते. मोसमभर संघ चांगला खेळला की सगळ्यांच्या सरासऱ्या वाढतात, आणि पुढच्या वर्षी तोच संघ मर्यादेत बसत नाही. म्हणजे जिंकलात तर संघ मोडा! प्रेक्षक संघावर प्रेम करायला शिकेपर्यंत निम्मा संघ शेजारच्या गावात.

दोन, 'गेस्ट'. आपला स्वार जखमी असेल किंवा दुसऱ्या देशात धावत असेल तर विरोधी क्लबांपैकी कोणाला तरी एका रात्रीपुरता घ्यायचा. ज्याला गेल्या आठवड्यात शिव्या घातल्या त्याला या आठवड्यात टाळ्या. माझ्या मुलाने विचारले, 'बाबा, हा आपला की त्यांचा?' मला उत्तर देता आले, त्याला पटवता आले नाही. तिथून तो फुटबॉलकडे गेला.

तीन, दोन तासांत प्रत्यक्ष शर्यत पंधरा मिनिटे. उरलेला वेळ ट्रॅक्टर माती सारखी करतोय, ते बघायचे. मला ते आवडते, कारण मी प्रोग्रामच्या पुस्तिकेत पेनाने गुण भरत बसतो. चौदा वर्षांचे पोर नाही बसणार. आणि वीसेक पौंड मोजून नाहीच.

असो. २०२१ चा आमचा पँथर्स संघ मात्र विसरणार नाही. क्रिस हॅरिस, स्कॉट निकल्स, हान्स अँडरसन, बियार्ने पेडरसन, सगळे चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. पेन्शनरांचा संघ म्हणून थट्टा झाली. लीग त्यांनीच जिंकली. दोन वर्षांनी मैदान गेले.

पुण्याहून, फक्त वाचक

स्पीडवे कधी पाहिला नाही, पण अवांतर: साठ-सत्तरच्या दशकात या गाड्यांत जावाचा बोलबाला होता असे वाचले आहे. ती आपल्या येझदीवालीच जावा का?

धागाकर्ती

हो, मूळ कंपनी तीच, चेकोस्लोव्हाकियाची. तिच्या आधी लंडनमधल्या टॉटनहॅमचे जेएपी इंजिन सगळीकडे असे. म्हैसूरला बनणाऱ्या येझदीला मात्र ब्रेक होते!

व्रोत्स्वाफहून

मी ब्रिटनमध्ये नाही, पोलंडमध्ये आहे, तरी लिहितो, कारण तुमचे स्वार आमच्याकडे आहेत. टाय वॉफिंडन आमच्या स्पार्टा क्लबकडून कितीतरी मोसम धावला, डॅन बेवली इथेच मोठा झाला. इथे एक्स्त्रालिगाच्या, म्हणजे पोलंडच्या वरच्या लीगच्या, सामन्यांना दहा हजारांच्या पुढेमागे प्रेक्षक असतात. बाबा, आई, आजी, गळ्यात स्कार्फ, आणि गाणी अशी की शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही.

फरक मला दोन दिसतात. बरीचशी स्टेडियमे नगरपालिकांची आहेत, महापौराला संघ म्हणजे शहराची अब्रू वाटते. आणि प्रत्येक संघात तरुण पोलिश स्वारांना जागा ठेवावीच लागते, त्यामुळे क्लबांना शाळा चालवाव्या लागतात. वर टीव्हीचा आणि सरकारी वीज कंपनीचा पैसा. जगातला उत्तम स्वार आधी इथली तारीख देतो, मग स्वीडनची, मग उरलेली तुम्हाला. ब्रेक्झिटनंतर तर तुमच्याकडे यायला त्याला कामाचा परवानाही काढावा लागतो.

पण पोलंडची नक्कल करा असे मी म्हणणार नाही. इथला डोलारा सरकारी आणि टीव्हीच्या पैशांवर उभा आहे, तो उद्या हलला तर काय, हे इथेही कोणी विचारत नाही.

धागाकर्ती

माझे मँचेस्टरचे सांगते. आमच्या बेल व्ह्यू संघाचे हाइड रोड मैदान १९८७ मध्ये गेले, संघ जवळच्या ग्रेहाउंड स्टेडियमवर भाड्याने राहिला. २०१६ मध्ये सिटी कौन्सिलने खास स्पीडवेसाठी नॅशनल स्पीडवे स्टेडियम बांधले. उद्घाटनाच्या रात्री ट्रॅकच नीट जमला नाही आणि शर्यत रद्द झाली. अख्खे शहर हसले. पहिल्या मोसमानंतर चालवणारी मंडळी बदलली. तरी स्टेडियम राहिले, कारण ते विकून कोणाचा बंगला होणार नव्हता. २०२१ मध्ये इथेच ब्रिटनने स्पीडवे ऑफ नेशन्स जिंकले, १९८९ नंतरचे पहिले सांघिक विश्वविजेतेपद. २०२४ मध्ये पुन्हा, पुन्हा इथेच.

मग २०२५ मध्ये ब्रिटनची ग्रां प्री, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाची इथली फेरी, कार्डिफच्या मोठ्या स्टेडियममधून आमच्याकडे आली. आम्ही नाचलो. पण कार्डिफमध्ये भरात चाळीस हजार लोक जमायचे आणि आमच्या स्टेडियमची क्षमता सहा हजारांची. घर भरलेले दिसते, घरच लहान आहे. मला ही माघार वाटते, पण शहाणी माघार. भाड्याच्या महालात तात्पुरती माती आणून ओतण्यापेक्षा स्वतःच्या ट्रॅकवर दोन रात्री शर्यती भरवणे बरे.

पूलची नर्सबाई

आमच्याकडे सामने बुधवारी. स्टेडियम कौन्सिलचे, आमचे पायरेट्स (पूलचा संघ) वरच्या स्तरातून आपण होऊन २०२० च्या मोसमासाठी खाली उतरले, तरी गर्दी आहे. वरची लीग हवी कशाला, शेजारच्या गावाला हरवले की झाले, असा इथला हिशेब. मला तो पटतो.

माझी मुलगी अकरा वर्षांची. तिला १२५ सीसीवर शिकायचे आहे. सेकंडहँड गाडी, कातडी सूट, पोलादी तळव्याचा बूट, सगळे मिळते, वापरलेले पण चांगले. अडते ते सरावापाशी. एक मैदान बंद झाले की एक संघ जातो एवढेच लोक मोजतात. त्या मैदानावर सामन्यानंतर अर्धा तास पोरे शिकायची, ती कुठे गेली ते कोणी मोजत नाही. पंधरा वर्षांनी 'ब्रिटिश स्वार का नाहीत' म्हणून पुन्हा धागा निघेल.

कोणाला यायचे असेल तर: पहिल्या वळणाशी पांढरे कपडे घालून उभे राहू नका, माती थेट अंगावर येते. लहानांना कानाला मफ लावा. निघण्याआधी दुपारी क्लबचे पान बघा, पावसाने ऐनवेळी रद्द होते. आणि पेन आणा, प्रोग्राममध्ये गुण भरायला. माझे उसने दिलेले कधीच परत येत नाही.