टॉक्सोप्लाझ्मोसिसनंतरचं (मेंदूतल्या परजीवी संसर्गानंतरचं) पुनर्वसन: एचआयव्हीच्या गोळ्या रुग्णाच्या हाती कधी द्याव्यात?

प्रश्न: डावी बाजू लुळी, विसराळूपणाही आहे. डोल्युटेग्राविर (एचआयव्हीची गोळी) चालू. घरी सोडण्याआधी काय तयारी हवी?

उत्तर १: टप्प्याटप्प्यानं जा. आधी नर्स गोळी देईल. मग रुग्ण स्वतः काढेल, नर्स फक्त पाहील. शेवटी आठवड्याची डबी रुग्णाकडे आणि रोज मोजणी. डोस चुकला की एक पायरी मागे. डबी एका हातानं उघडते का, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडून) तपासून घ्याच. घोडं बहुधा तिथंच अडतं.

उत्तर २: अँटासिड असेल तर डोल्युटेग्राविर २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. कॅल्शियम, लोह मात्र जेवणासोबत एकत्र चालतं.

उत्तर ३: झटक्यांसाठी कार्बामाझेपिन आहे का? त्यानं डोल्युटेग्राविरची पातळी घसरते, मग ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा लागतं. लेव्हेटिरासिटम या झटक्यांच्याच दुसऱ्या औषधाला ही अडचण नाही, डॉक्टरांशी बोला.