पॅटिनाला मराठीत काय म्हणायचं?

घासकागद:
एका जुन्या पिकअप ट्रकवरच्या माहितीपटाचं निवेदन मराठीत करतोय आणि एका शब्दापाशी घोडं अडलंय. ट्रक शेवरोले ३१००, १९५१ चा. मालकानं इंजिन उतरवून पूर्ण उघडलं, ब्रेक नवे टाकले, सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची केली, केबिनचा तळ कापून नवा पत्रा वेल्ड केला, पण बाहेरून ट्रक होता तसाच ठेवला. म्हणजे बॉनेटवर विटलेला हिरवा रंग, त्याखालून डोकावणारा प्रायमर, कडांना तांबूस गंज, दारावर अर्धवट पुसलेली अक्षरं, सगळं जसंच्या तसं. या सगळ्याला मिळून जुन्या गाड्यांचे शौकीन पॅटिना म्हणतात. मी लिहिलं, 'गंज जपून ट्रकचा जीर्णोद्धार केला'. तपासणाऱ्या बाईंनी शेजारी लिहिलंय, 'गंज कोण जपतं? आणि ट्रक म्हणजे देऊळ आहे का?' पहिल्याचं उत्तर 'हा माणूस जपतो' एवढंच आहे हो, पण वाक्य कानाला खटकतं हे खरं. सुचवा काहीतरी.

शब्दवेडी:
राप! 'उन्हानं रापलेला चेहरा' म्हणतो ना आपण, मग ट्रक का नाही रापणार. 'ट्रकचा राप तसाच ठेवून' किती छान वाटतं.

विसर्गप्रेमी:
रापते ती त्वचा. धातूला राप कसा येईल? 'कालच्छटा' किंवा 'जीर्णकांती' असा शब्द घडवता येईल. संस्कृतचं भांडार हाताशी असताना उसनवारी कशाला?

पाना_पक्कड:
जीर्णकांती 😀 गॅरेजमध्ये जाऊन म्हणून बघा, 'अहो, माझ्या गाडीची जीर्णकांती तेवढी सांभाळा', गाडी सोडून तुमच्याकडेच बघत बसतील.

जरा कामाचं बोलतो. राप म्हणा नाहीतर पॅटिना म्हणा, पण त्याला गंज म्हणू नका कारण त्यात गंज हा एक भाग आहे, सगळा नाही. उन्हानं विटलेला रंग, वर्षानुवर्षं कापड मारून झिजलेले कोपरे, दाराच्या कडेला हात टेकून टेकून उघडा पडलेला पत्रा, हे पण त्यातच येतं. आणि गंज सुद्धा दोन प्रकारचा. वरवरचा, जो ओल्या घासणीनं हलकेच घासला की गुळगुळीत होतो आणि तपकिरी रंग तेवढा राहतो, तो ठेवायचा. दुसरा जो पोपडे धरतो, त्याला आम्ही 'पत्रा सडला' म्हणतो, स्क्रू-ड्रायव्हर टोचला की आरपार जातो. केबिनचे खालचे कोपरे, तळ आणि केबिन चॅसीवर बसते त्या जागा हमखास सडलेल्या असतात. तो गंज कुणी जपत नाही, कापून फेकतात. तुमच्या बाईंना हे सांगा.

जुना_खोंड:
कुणाच्या लक्षात आलं का बघा. पॅटिना शब्द इटालियनमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिनमध्ये पॅटिना म्हणजे पसरट भांडं. आता आपल्याकडे गंज म्हणजे काय? एक तर लोखंडावरचा तांबेरा आणि दुसरं, मोठं पातेलं! आमच्या आजीकडे पाण्याचा गंज होता. दोन्ही भाषांत भांडं आणि धातूवरचा थर यांना एकच शब्द, हा योगायोग मानायला माझं मन तयार नाही.

शब्दवेडी:
काका, योगायोगच आहे तो. फारसीत गंज म्हणजे खजिना, मग काय ट्रकवर खजिना चढलाय म्हणायचं?

जुना_खोंड:
त्या ट्रकांच्या शौकीन लोकांना विचारा, खजिनाच म्हणतील. मूळ रंग एकदाच मिळतो म्हणतात ते.

विसर्गप्रेमी:
निदान कुणी 'जंग' लिहिलं नाही हे नशीब. हल्ली सर्रास 'जंग लागला' ऐकू येतं. मराठीत गंज चढतो, जंग होते ती युद्धभूमीवर.

शब्दवेडी:
फारसीत ते दोन वेगळे शब्द आहेत, गंजाचा ज़ंग वेगळा आणि लढाईचा जंग वेगळा, आपल्या उच्चारात ते एक झाले. बाकी 'युद्धभूमीवर जंग होते' हे वाक्य शुद्ध मराठीच्या कैवाऱ्यानं लिहावं म्हणजे कमाल आहे.

विसर्गप्रेमी:
तो विनोद होता.

कीटकनाशक:
'कीट' कसा वाटतो? लोखंडाच्या मळाला संस्कृतात किट्ट, त्यावरून. आयुर्वेदात मंडूर भस्म करतात ते जुन्या लोहकिट्टाचंच, आणि तिथे शंभर वर्षांचं किट्ट उत्तम, ऐंशीचं मध्यम, साठचं कनिष्ठ अशी प्रतवारी आहे. म्हणजे जितकं जुनं तितकं मोलाचं ही कल्पना आपल्याकडे होतीच. तुमचा १९५१ चा ट्रक अजून मध्यमच्या अलीकडे आहे.

शब्दवेडी:
वा! पण कीट म्हटलं की मला कॉलरवरचा मळ आठवतो. तांब्या-पितळेचं असतं तर 'कळक' चालला असता. आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात राहिला की कळकतो तो.

पाना_पक्कड:
तांब्याचं आणि लोखंडाचं एकत्र करू नका. तांब्यावरचा हिरवा थर खालच्या तांब्याला वाचवतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं बघा, पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटरचा, १८८६ मध्ये उभारली तेव्हा तांबूस होती. हिरवी पडायला लागल्यावर १९०६ मध्ये रंग द्यायचं घाटत होतं, पण लष्कराच्या अभियंत्यांनी तपासून सांगितलं की हा थरच तिचं रक्षण करतोय, राहू द्या. खराब झाला तो आतला लोखंडी सांगाडा, १९८० च्या दशकात त्याच्या पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. साध्या लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो आणि खाली खातच राहतो. म्हणून ट्रकच्या पॅटिनाला वरून काहीतरी लावावं लागतं.

कीटकनाशक:
आणि दिल्लीचा लोहस्तंभ?

पाना_पक्कड:
वाटच बघत होतो. त्यात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे वर चिवट थर बसलाय. ट्रकच्या पत्र्यात तसं काही नसतं.

घासकागद:
राप मला आवडतोय. पण 'जीर्णोद्धार'चं काय करू? रिस्टोरेशनला दुसरं काय म्हणणार?

जुना_खोंड:
डागडुजी म्हणा. सरळ आहे, डाग काढून दुजी म्हणजे दुसरी, नवी वस्तू करणे.

शब्दवेडी:
ही कुठली व्युत्पत्ती? भांड्याला भोक पडलं की 'डाग लावून आण' म्हणायचे, तो डाग त्यात असेल एक वेळ.

जुना_खोंड:
तो डाख. ख.

शब्दवेडी:
आमच्याकडे डागच म्हणायचे.

विसर्गप्रेमी:
डागडुजी म्हणजे किरकोळ दुरुस्ती. इंजिन उघडलंय, तळ कापलाय, ती डागडुजी नव्हे. वस्तुसंग्रहालयात 'जतन' आणि 'संवर्धन' म्हणतात, 'जतन' घ्या. जीर्णोद्धारात जुनं पाडून नवं बांधणं सुद्धा येतं, इथे नेमकं तेच टाळलंय.

पाना_पक्कड:
हे पटलं, विसर्गराव. फक्त चॅसी आणि ब्रेकच्या वाक्यात जतन लिहू नका, तिथे दुरुस्तीच.

सँडपेपर_१२०:
मध्येच विचारतो, नवा पत्रा जोडला तिथला रंग जुन्याशी जुळवतात कसा? माझ्याही गाडीला तेच करायचंय.

पाना_पक्कड:
प्रायमर, त्यावर दोन-तीन छटांचे पातळ हात, मग ओल्या कागदानं जागोजागी उघडं पाडायचं. गंज हवा असेल तर व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मीठ, बघता बघता तांबडं होतं. नीट धुवा नंतर, मीठ राहिलं तर आत खात राहील. आणि फॉस्फोरिक किंवा टॅनिनवालं गंज-रोधक दिसणाऱ्या भागावर लावू नका, तांबडं जाऊन काळपट होतं.

कीटकनाशक:
म्हणजे बनावट राप. मग जपलं काय?

पाना_पक्कड:
एवढ्याशा पट्टीसाठी चालतं हो. अख्खी नवी गाडी अशी रंगवतात ते मलाही आवडत नाही. शेवटी वरून मॅट क्लिअर, म्हणजे बिनचकाकीचा पारदर्शक थर, मारा नाहीतर बेलतेल.

विसर्गप्रेमी:
बेलाचं तेल? गाडीला?

जुना_खोंड:
बेलफळाचा संबंध नाही. जवसाचं बॉईल्ड तेल, रंगाऱ्यांनी बॉईलचं बेल केलं. आता अस्सल मराठी वाटतं की नाही?

विसर्गप्रेमी:
याला पुरावा काय? तुमचं डागडुजीचं बघितलं आत्ताच.

पाना_पक्कड:
पुरावा राहू द्या, आधी हे वाचा. बेलतेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. तेल वर्षभरात उतरतं, पुन्हा लावावं लागतं. क्लिअर टिकतो जास्त, पण उचकटला की खाली ओल शिरते आणि सगळं खरवडावं लागतं. मी तेलवाला.

सँडपेपर_१२०:
मी क्लिअरवाला. तेलावर धूळ बसते, हात लावला की कपडे तेलकट. शिवाय उद्या क्लिअर मारायचा म्हटलं तर तेलावर धरत नाही.

पाना_पक्कड:
पूर्ण वाळू दिलं तर कपड्यांना लागत नाही. हात किती जाड मारला होता?