ब्रिजर्टनवर वाद झालाय: मालिकांमधल्या वंशचित्रणावर न्याय्य टीका कशी करावी, काय पाहावं?

अबोली:
आमच्या वाचन मंडळात ‘ब्रिजर्टन’ या नेटफ्लिक्सवरच्या मालिकेच्या (एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या उमरावांची कल्पित गोष्ट) दुसऱ्या पर्वावरून दोन तट पडलेत. एकीकडे, सावळी भारतीय नायिका मध्यभागी आली हेच मोठं. दुसरीकडे, हा वरवरचा रंग. पुढच्या बैठकीत मला बोलायचंय. सिमोन ॲशलीला त्या नायिकेच्या, केटच्या, भूमिकेत पाहून मला फार आनंद झाला होता, त्यामुळे टीका करायला मन धजत नाही. आणखी काय पाहू?

रानवारा:
अबोलीताई, तो आनंद आधी सांगा, तोही पुरावाच आहे. लग्नाआधीचा हळदीचा प्रसंग किती मायेनं घेतलाय! मग भाषेकडे वळा. आडनाव शर्मा, वडील दक्षिणेतल्यासारखे ‘अप्पा’, बहीण ‘बोन’ म्हणजे बंगाली, आणि धाकटीला मराठी, हिंदुस्तानी येतं. असं घर असू शकतं, पण ते कसं घडलं हे मालिका सांगत नाही. काळ १८१४. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा होता, खडकीची लढाई तीन वर्षांवर आली होती. मराठीचं नाव घेतलं, तिचा मुलूख मात्र बाहेरच राहिला.

‘ही कल्पित गोष्ट आहे’ असं कुणी म्हणेलच. मान्य. पण पहिल्या पर्वात लेडी डॅनबरी ही कृष्णवर्णीय उमराव स्त्री स्वतः कारण देते: राजा आमच्यातल्या एकीच्या प्रेमात पडला आणि दुभंगलेला समाज एक झाला. मालिकेनं कारण दिलं की ते तपासायचा हक्क आपल्याला मिळतो. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३चा आहे. एका लग्नानं ती कुठे गेली? हा प्रश्न मालिकेच्याच शब्दांतून निघतो, म्हणून तो न्याय्य. त्या राणीच्या लग्नाची आधीची गोष्ट सांगणारी २०२३ची ‘क्वीन शार्लट’ही पाहा, तिथे हा धागा जास्त गंभीरपणे घेतलाय.

माळरान:
रानवारा यांच्याशी सहमत. तुलनेसाठी ‘द वायर’ पाहाच (२००२–०८, ६० भाग). अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. कृष्णवर्णीय माणसं तिथे पोलीस, नगरसेवक, शिक्षक, अमली पदार्थांचे विक्रेते, सगळीकडे आहेत, त्यामुळे एकाच पात्रावर साऱ्या समाजाचं ओझं पडत नाही. वेळ कमी असेल तर चौथं पर्व, शाळेतल्या चार मुलांचं. मालिकेचे एक लेखक एड बर्न्स आधी पोलिसात होते, मग त्याच शहरात शिक्षक झाले, ते पडद्यावर जाणवतं. तरी लेखकांत गोरेच बहुसंख्य, आणि स्त्रियांना जागा कमी. माझी अत्यंत आवडती मालिका आहे, म्हणूनच हे बोलतो.

जमलं तर १९६८ची अमेरिकन मालिका ‘ज्यूलिया’. कृष्णवर्णीय अभिनेत्री डायन कॅरल त्यात नर्स आहे, मोलकरीण नाही, त्या काळी हे मोठं पाऊल होतं. पण नवरा व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेला, घरात बाप नाही, यावर तेव्हाच टीका झाली.

अबोली:
दोघांचे मनापासून आभार. ‘द वायर’ आज रात्रीच लावते. मंडळात एक बंगाली मैत्रीण आहे. मी बोलण्याआधी ‘बोन’ ऐकून तिला काय वाटलं, ते तिलाच विचारते.