बायपासमध्ये रक्त पातळ करतात ते परत नॉर्मलला कसं आणतात?

कोथरूडकर: पुढच्या आठवड्यात बाबांची बायपास आहे, हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनवेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं) घेताना हेपरिन देतात म्हणे म्हणजे रक्त गोठतच नाही, मग नंतर थांबतं कसं? आई जाम घाबरलीये

पंपवाला: परफ्युजनिस्ट आहे मी, म्हणजे ते मशीन चालवणारा. मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून किलोमागे ३००-४०० युनिट हेपरिन देतात, मग थोडं रक्त ट्यूबमध्ये घेऊन गोठायला किती सेकंद लागतात ते बघायचं, हीच एसीटी. एरवी शंभर-सव्वाशे, मशीनवर जायला बहुतेक ठिकाणी ४८० च्या वर लागते, आणि अधूनमधून परत चेक. शेवटी उतारा म्हणून प्रोटामिन, तेही हळूहळू, नाहीतर बीपी धाडकन पडतं

पेठकरीण: माशांची ॲलर्जी असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा हं, प्रोटामिन मूळचं सॅमन माशातलं.

कोथरूडकर: ॲलर्जी नाही, इन्सुलिन चालूये

पंपवाला: मग नक्की सांगा, एनपीएच या प्रकारच्या इन्सुलिनमध्येही प्रोटामिन असतं, रिॲक्शनचा धोका वाढतो